सायकल चालवताना मोबाईल सोबत असावा की नसावा?

रानवाट (धागाकर्ता)

आमच्या सायकल गटात सध्या या प्रश्नावरून दोन तट पडले आहेत. काही जण म्हणतात, फोनशिवाय बाहेर पडणं म्हणजे शुद्ध बेजबाबदारपणा. बाकीचे म्हणतात, दिवसभर ते यंत्र हातात असतंच, निदान सायकलवर तरी नको. मागच्या लांबच्या फेरीत एकाची चेन तुटली आणि तो मागे राहिला. त्याच्याकडे फोन नव्हता. पुढे गेलेल्यांना बराच वेळ त्याचा पत्ताच लागेना. तो सुखरूप होता, पण तेवढ्या वेळात सगळ्यांचे चेहरे कसे झाले होते ते मी पाहिलंय, म्हणून विषय इथे काढतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फोन सोबत हवाच. पण तो अंगावर हवा, आवाज बंद करून, खिशात. हँडलवर नको आणि हातात तर मुळीच नको. वापरायचा तर कडेला थांबून, पाय टेकून. फोन जवळ असणं वेगळं आणि चालत्या सायकलवर तो वापरणं वेगळं. आमच्या गटातलं निम्मं भांडण या दोन्हींची गल्लत केल्यामुळे चाललंय.

तुम्ही काय करता? सोबत नेत असाल तर नेमका कुठे ठेवता तेही लिहा.

चाकधर

सोबत हवा, इथपर्यंत सहमत. हँडलवर नको, हे पटलं नाही. अनोळखी रस्त्यावर दर फाट्याला थांबायचं, खिशातून फोन काढायचा, नकाशा उघडायचा, पुन्हा आत टाकायचा, यात धोका कमी होतो असं मला वाटत नाही. वाहत्या रस्त्यावर अचानक थांबणारी सायकल मागच्याच्या लक्षात यायला हवी ना. मी फोन पकडीत घट्ट बसवतो, सगळ्या सूचना बंद करतो आणि फक्त नकाशा उघडा ठेवतो. ओझरती नजर पुरते. मोटारीत समोर पडदा चालतो, मग सायकललाच मनाई का?

अदमास

चाकधर, ती ओझरती नजर किती लांब असते ते मोजून बघू. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. नजर खाली न्यायची, बाण कुठे वळतोय ते समजून घ्यायचं, नजर पुन्हा वर आणायची. दोन सेकंद सहज जातात. म्हणजे १४ मीटर रस्ता तुम्ही न बघताच मागे टाकलात. मोटारीचं चाक खड्ड्यात गेलं तर आतल्याला दणका बसतो. सायकलचं पुढचं चाक गेलं तर माणूसच हँडलवरून पुढे जातो. मोटारीशी तुलना इथेच संपते.

हातात फोन धरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. एक हात फोनला म्हणजे एकच ब्रेक हाताशी. तो मागचा असेल तर सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं, आणि पुढचा असेल तर एका हाताच्या आधारावर तो कचकन दाबला जातो.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या डिक डी वार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सायकलस्वारांना घेऊनच प्रयोग केले, ते २०१० साली प्रसिद्ध झाले. फोनवर बोलणारे, टाइप करणारे लोक वेग कमी करतात, पण नजरेच्या कडेला असलेल्या गोष्टी त्यांच्याकडून सुटतात. नेमक्या कडेनेच तर सगळे येतात: उघडणारं दार, गल्लीतून धावत येणारं मूल, कुत्रं.

कायद्याचंही लिहितो. रस्ते वाहतुकीचा १९६८ चा व्हिएन्ना करार आहे. त्यात हातात फोन धरायला देशांनी बंदी घालावी असं कलम आहे, पण ती सक्ती मोटार वाहनं आणि मोपेड चालवणाऱ्यांपुरती. सायकलचं ज्या त्या देशावर सोडलंय. नेदरलँड्सने १ जुलै २०१९ पासून चालत्या सायकलवर फोन हातात धरायला बंदी केली. जपानने १ नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षा इतकी कडक केली की त्यात तुरुंगवासही आहे. पण या दोन्ही ठिकाणी फोन खिशात नेण्याला कोणाची हरकत नाही.

वळणवाट

+१ अदमास.

एकांडा

मी फोन घरी ठेवून निघतो आणि ठेवत राहणार. कारण सरळ आहे. फोन खिशात बंद असला तरी तो डोक्यात चालू असतो. थरथरला की कोण असेल, नाही थरथरला की का नसेल. चढावर श्वास आणि पाय यांची लय लागलेली असते, ती एका थरथरीने मोडते. सायकल मला त्या लयीसाठी हवी आहे.

आणि मदतीचं म्हणाल तर लोक फोन नव्हता तेव्हाही सायकल चालवत होते. १९१३ च्या टूर द फ्रान्स शर्यतीत यूजेन क्रिस्तोफ या सायकलपटूचा पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा दुपाटा, तूरमाले घाटात मोडला. गडी सायकल खांद्यावर घेऊन दहा किलोमीटरहून जास्त चालत खाली आला, गावातल्या लोहाराच्या भट्टीवर फोर्क स्वतः जोडला आणि शर्यत पुरी केली. भाता एका पोराने हलवला म्हणून वर दंडही झाला, कारण बाहेरची मदत घ्यायची नाही असा नियम होता. पंक्चर काढता येणं, चेन जोडता येणं, रस्ता लक्षात ठेवणं हे ज्याला येतं त्याला फोन लागत नाही. ज्याला येत नाही त्याला फोनमुळे खोटा धीर येतो.

शुश्रूषा

एकांडा, तुमचा लयीचा मुद्दा मनापासून पटतो. पण क्रिस्तोफचा फोर्क मोडला होता, तो स्वतः मोडला नव्हता.

मी अपघात विभागात काम करते. सायकलवरून पडलेले लोक आमच्याकडे नेहमी येतात. त्यांच्याकडून जे शिकले ते सविस्तर लिहिते, कारण इथली चर्चा "फोन लावता येईल की नाही" एवढ्यापुरतीच चालली आहे.

सायकलवरून पडणाऱ्यांचं गळपट्टीचं हाड फार मोडतं. पडताना माणूस हात पुढे टाकतो किंवा थेट खांद्यावर आदळतो. हाड मोडलं की त्या बाजूचा हात वर जात नाही आणि मागेही जात नाही. आता विचार करा, फोन जर्सीच्या पाठीवरच्या खिशात आहे, तोही त्याच बाजूच्या. तो काढणं जवळजवळ अशक्य. मधल्या खिशातला फोन कोणत्याही एका हाताने काढता येतो, पण पाठीवर पडलात तर तोच कण्यावर टोचतो. म्हणून मी सांगेन, फोन पुढे किंवा कुशीकडे असावा, दोन्हींपैकी कोणताही एक हात पोचेल असा. कमरेची छोटी पिशवी पुढे वळवून घेतली तरी चालते.

सायकलच्या पिशवीत फोन ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्या की पडल्यावर सायकल आणि माणूस एका जागी राहत नाहीत. सायकल वर रस्त्यावर आणि माणूस उताराखाली, असं होतं. पाय मोडला असेल तर दहा पावलंसुद्धा फार लांब असतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. शुद्ध हरपलेला माणूस येतो, खिशात फोन असतो आणि तो कुलूपबंद असतो. घरच्यांचा फोन येईपर्यंत आम्हाला त्याचं नावही कळत नाही. बहुतेक स्मार्टफोनमध्ये आणीबाणीची माहिती भरायची सोय असते, ती कुलूप न उघडता दिसते. नाव, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, घरच्या दोघांचे नंबर. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत रक्त पातळ करणाऱ्या औषधाची ती एक ओळ आमच्यासाठी सगळ्यात मोलाची असते. कृपया आज भरा. आणि "कुलूप असतानाही दाखवा" हा पर्याय चालू आहे ना तेवढं बघून घ्या. अनेकांनी माहिती भरलेली असते आणि नेमका तोच बंद असतो.

रानवाट

शुश्रूषा, अनेक आभार. मी फोन अंगावर ठेवा म्हणत होतो, पण कुठल्या बाजूला याचा विचार कधी केला नव्हता. आमच्या गटातले सगळे पाठीच्या उजव्या खिशात ठेवतात.

तरंग

तांत्रिक बाजू थोडी मी मांडतो, त्याबद्दल गैरसमज बरेच आहेत.

जीपीएसला मोबाईलचं नेटवर्क लागत नाही. फोन उपग्रहांचा संदेश नुसता ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही. म्हणून विमान मोडमध्येही तुम्ही कुठे आहात ते कळतं. फक्त नकाशा आधी उतरवून ठेवलेला हवा. लांबच्या फेरीला मी हेच करतो. बॅटरीही टिकते, कारण रेंज अधूनमधून जाणाऱ्या भागात फोन टॉवर शोधण्यासाठी सतत जोर लावत असतो आणि तिथेच चार्ज उडतो. सगळ्यात जास्त खातो तो पडदा. चाकधर, उन्हात दिसावा म्हणून पूर्ण उजेडावर ठेवलेला तुमचा नकाशा लांबच्या फेरीत परतेपर्यंत टिकतो का ते सांगा.

११२ हा आकडा जीएसएम फोनच्या मानकातच आहे. तो लावला की फोन कुलूपबंद असला तरी आणीबाणीचा कॉल जातो, आणि तुमच्या कंपनीची रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीची असेल तर साधारणपणे तिच्यावरून जातो. म्हणजे पडद्यावर "नेटवर्क नाही" दिसलं तरी प्रयत्न करायचा. कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस पाठवून बघा. आवाजाला जेवढी सलग रेंज लागते तेवढी त्याला लागत नाही, मधे क्षणभर रेंज आली तरी तो निघून जातो. व्हॉट्सॲपला इंटरनेट लागतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

अपघात स्वतःहून ओळखणाऱ्या सोयीबद्दल. २०२२ मध्ये आयफोन १४ बरोबर जी आली ती मोटारींचे मोठे अपघात डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहे. सायकलवरून पडल्याचं ती ओळखेलच असं धरून चालू नका. सायकलसाठीचे जे छोटे संगणक मिळतात त्यातल्या काहींमध्ये खास ही सोय असते, पण निरोप पाठवायला बहुतेकांना खिशातला फोन जोडलेला लागतोच. संगणक घेतला म्हणून फोन घरी ठेवला तर ती सोय मुकी होते.

चाकधर

टिकत नाही, तरंग. जोडीला पॉवर बँक न्यावी लागते. आणखी एक त्रास आहे तो प्रामाणिकपणे नोंदवतो: भर उन्हात फोन इतका तापतो की पडदा आपोआप मंद होतो, कधी बंदच पडतो. आणि तेही फाटा तोंडावर आलेला असताना.

अदमास

थरथरीचंही लक्षात असू द्या. शक्तिशाली मोटारसायकलींच्या हँडलवर आयफोन लावल्याने कॅमेऱ्याचा तोल सांभाळणारा भाग बिघडू शकतो असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं. सायकलला इंजिन नाही, त्यामुळे ते जसंच्या तसं लागू होत नाही. पण खडबडीत रस्त्यावर कडक टायर असताना हँडल किती थडथडतं ते आपल्या मनगटांना माहीत आहे.

बटणवाला

माझ्याकडे यावर साधा तोडगा आहे: बटणांचा जुना फोन. एकदा चार्ज केला की अनेक दिवस बघावं लागत नाही. घामाने चिंब बोटांनी किंवा हातमोजे घालून स्मार्टफोनचा पडदा उघडून बघा, आणि हे बटण दाबून बघा. पावसात तर पडद्यावर पडणारे थेंबच बोटासारखे काम करतात, भलतंच काहीतरी उघडतं. माझ्या फोनवर "२" दाबून धरलं की घरी लागतो. बघत बसावं असं त्यात काही नाही, त्यामुळे एकांडा यांना हवी ती लयही मोडत नाही.

एकांडा

हे मात्र विचार करण्यासारखं आहे. शुश्रूषा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी शुद्धीवर असेन असं धरूनच माझा सगळा युक्तिवाद होता. तरीही लाइव्ह लोकेशन वगैरे माझ्याच्याने होणार नाही. मी कुठे आहे हे कुणीतरी सतत बघतंय, ही भावना घेऊन मला चढ चढायचा नाही.

अंगणातली

मी "बघणाऱ्या" बाजूची आहे, म्हणून लिहिते. मुलगी कामावर सायकलने जाते, परतताना अंधार झालेला असतो. तिने स्वतःहून लोकेशन पाठवायला सुरुवात केली. पहिले काही दिवस मला हायसं वाटलं. मग तो ठिपका एका जागी थांबला की माझा जीव टांगणीला लागायला लागला. कधी सिग्नलला थांबलेली असायची, कधी मैत्रीण भेटलेली, कधी नुसती रेंज गेलेली. मी लगेच फोन लावायचे, आणि ती सायकल चालवता चालवता तो उचलायची! ज्या गोष्टीची मला भीती होती ती माझ्याच फोनमुळे घडत होती.

शेवटी दोघींनी बसून ठरवलं. निघताना एक ओळ, पोचल्यावर एक ओळ. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास उलटेपर्यंत मी फोन करायचा नाही. केलाच तर तिने चालत्या सायकलवर उचलायचा नाही, थांबून उलट फोन करायचा. लोकेशन चालू असतं, पण मी ते उघडत नाही. गरज पडली तर आहे, एवढंच. एकांडा, घरच्यांशी असं काही ठरवता येईल का बघा. बघणारं माणूस धीर धरू शकतं, फक्त किती वेळ धरायचा हे त्याला माहीत हवं.

तरंग

अंगणातली, अर्ध्या तासाचा नियम उत्तम. लोकेशनबद्दल एक सावधगिरी: ठरावीक माणसाला लोकेशन देणं वेगळं आणि फेरीचा नकाशा सगळ्या जगाला दिसेल असा टाकणं वेगळं. स्ट्राव्हा या फेऱ्या नोंदवणाऱ्या ॲपच्या एकत्रित नकाशावरून लष्करी तळांच्या आतल्या वाटा उघड झाल्याचं २०१८ च्या सुरुवातीला गाजलं होतं. तुमच्या फेऱ्या रोज एकाच दारातून निघत असतील तर दार कुठलं ते कुणालाही कळतं. सुरुवातीचा आणि शेवटचा भाग झाकायची सोय त्यात आहे, ती लावून घ्या. एकट्याने फिरणाऱ्या बायकांनी तर नक्कीच.

वळणवाट

कानात इअरफोन घालून नकाशाच्या सूचना ऐकल्या तर? नजर रस्त्यावर राहते.

अदमास

नजर राहते, पण कान जातात. सायकलवर मागचं जग कानांनीच कळतं: टायरचा आवाज, गाडीने गिअर बदलला तो, मागून आलेली हाक. दोन्ही कान बंद करणाऱ्या इअरफोनला माझा ठाम विरोध आहे. फ्रान्समध्ये तर २०१५ पासून सायकलस्वारांनाही इअरफोनला बंदी आहे. सूचना ऐकायच्याच असतील तर फोन वरच्या खिशात ठेवून त्याच्याच स्पीकरवर ऐका. शांत रस्त्यावर ऐकू येतं. गोंगाटात ऐकू आलं नाही तर थांबून बघा. चाकधर यांनी हे करून बघावं असं सुचवतो.

चाकधर

करून बघतो. निघण्याआधी फाटे एका चिठ्ठीवर लिहून ती हँडलला चिकटवायची, असंही आमचे जुने सायकलस्वार करायचे: "पुलानंतर डावीकडे, मग सरळ देवळापर्यंत." तीन शब्द वाचायला पडद्याइतका वेळ लागत नाही, हे मान्य. पण रस्ता बंद निघाला आणि वळसा घ्यावा लागला तर चिठ्ठी काही सांगत नाही, तेव्हा पकड मी काढणार नाही. पडदा बंद ठेवेन आणि वळण आल्याचं बोलून सांगेल एवढंच चालू ठेवेन.

एकांडा

एक विचारतो. फोन पूर्ण बंद करून कमरेच्या पिशवीत टाकला, तर मधला मार्ग होईल का?

तरंग

पूर्ण बंद करू नका. चालू व्हायला वेळ लागतो, आणि आणीबाणीची माहिती बघायला दुसऱ्या कुणी तो सुरू करेल याची खात्री नाही. विमान मोडमध्ये ठेवा, थरथर बंद करा. कुणाचा फोन येणार नाही, लयीला धक्का नाही. पण एक किंमत आहे: घरच्यांना तुम्हाला शोधायचं झालं तर लोकेशन मिळणार नाही. त्यामुळे कुठल्या रस्त्याने जाताय आणि साधारण कधी परत येणार ते सांगून निघा.

आणि बाजूचं बटण पाच वेळा दाबलं की आणीबाणीचा कॉल जातो ही सोय अनेक अँड्रॉइड फोनमध्ये असते. ती पिशवीत दाबली जाऊन चुकून कॉल जातात. २०२३ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांना असे इतके कॉल आले की त्यांना जाहीर आवाहन करावं लागलं. बटण मोकळं राहील असा फोन ठेवा. चुकून लागलाच तर कापू नका, चुकून लागला म्हणून सांगा, नाहीतर ते उलट फोन करत बसतात.

शुश्रूषा

एकांडा, तुम्ही पिशवीचा विचार करताय हे वाचून बरं वाटलं. सोबत एक कागदही ठेवा. पडल्यावर फोन फुटतो, भिजतो, लांब उडतो. नाव, रक्तगट, औषधं आणि घरचे दोन नंबर साध्या कागदावर लिहून, वर पारदर्शक चिकटपट्टी लावून हेल्मेटच्या आत चिकटवा. शाई घामाने पसरते, म्हणून पेन्सिलने लिहा.

रानवाट

आज गटात बोलणं झालं. पुढच्या फेरीपासून सगळ्यात मागे राहणाऱ्याकडे चार्ज असलेला फोन असणं सक्तीचं, आणि सगळ्यांचे नंबर त्याच्याकडे कागदावरही. बाकीच्यांनी फोन आणायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवायचं. जो आणणार नाही त्याने दर थांब्याला मागचा दिसेपर्यंत पुढे निघायचं नाही.

शुश्रूषा, हेल्मेटमध्ये कागद नेमका कुठे चिकटवायचा? कपाळाकडच्या स्पंजखाली की मागे?

शुश्रूषा

मागे, पट्टा घट्ट करायचं चाक असतं त्याच्या वर. कपाळाकडे घाम सगळ्यात जास्त येतो. आणि मान हलू नये म्हणून हेल्मेट आम्ही अगदी सावकाश उतरवतो, तेव्हा ती बाजू हातात येतेच. बाहेरून एक छोटी लाल पट्टी लावलीत तर आत काहीतरी लिहिलंय हे लगेच कळेल.